रोजचा हार आणि सांगितलेला हार

साधना विधातेला कॉलेजात तीन नावं होती. मुलं म्हणायची ‘लॅबच्या मॅडम’, शिपाई म्हणायचे ‘विधातेबाई’, आणि कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख खैरनार सर म्हणायचे ‘ताई’. सरांच्या ‘ताई’त एखादं काम आधीच दडलेलं असायचं. “ताईऽ, तो प्रिंटर जरा बघता?” “ताईऽ, बी बॅचचं हजेरीपत्रक?” हा ‘ताई’ नीट काढायचा तर शेवटचा स्वर पतंगासारखा वर सोडायचा आणि चष्म्याच्या वरून बघायचं. अर्ध्या कॉलेजला तो जमायचा. साधनालाही जमायचा, पण तिने तो फक्त घरी, भाकरी थापताना, नवऱ्यापुढे काढला होता.

त्र्यंबक रोडवरच्या त्या कॉलेजात ती बारा वर्षं लॅब असिस्टंट होती. माउस मोजायचे, हँग झालेले पीसी उठवायचे, मुलांनी टेबलाखाली चिकटवलेलं च्युइंगम खरवडायचं. हे करता करता बारा वर्षं तिच्या कानावर लेक्चरं पडत राहिली. खैरनार सर प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी “ओके? क्लिअर? नेक्स्ट!” म्हणायचे, आणि ते इतक्या वेगाने की ‘ओके’ आणि ‘नेक्स्ट’च्या मध्ये शंका काढायला मुंगीलाही जागा मिळू नये. मग ती शंका प्रॅक्टिकलला साधनाकडे यायची. ती शेजारी स्टूल ओढून बसायची आणि म्हणायची, “बरं, तुला कुठपर्यंत कळलंय ते सांग, मग पुढचं आपण बघू.” असं करता करता तिने मुक्त विद्यापीठातून आधी पदवी घेतली, मग एमसीए केलं. पेढे वाटले तेव्हा सर म्हणाले, “अरे वा, ताईऽ! बरं, तेवढा प्रोजेक्टर लावता?”

गेल्या वर्षी विभागात तासिका तत्त्वावरची एक जागा निघाली. कायम नाही, घेतलेल्या तासापुरती नेमणूक; पण वर्गात उभं राहून शिकवायची. साधनाने अर्ज केला. निवडीसाठी वर्गातली काही मुलं बसवून वीस मिनिटांचा नमुना तास घ्यायचा होता. समोर परीक्षक तिघं: प्राचार्या मॅडम, खैरनार सर आणि नाशिक रोडहून आलेले बाहेरचे एक प्राध्यापक. हे प्राध्यापक मोठे गोड बोलायचे. काहीही ऐकलं की “बरं, बरं, बरं” म्हणायचे, तीनदाच, आणि तिसऱ्या ‘बरं’ला समोरचा आपलंच उत्तर पुन्हा तपासू लागायचा.

विषय होता जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतला कन्स्ट्रक्टर. साधनाने छान सांगितलं. क्लास म्हणजे वस्तू कशी असावी याचं वर्णन, ऑब्जेक्ट म्हणजे त्या वर्णनाप्रमाणे खरी उभी राहिलेली वस्तू, आणि ती उभी राहत असताना आपोआप चालतो तो कन्स्ट्रक्टर. त्याला नाव क्लासचंच असतं. नव्या ऑब्जेक्टच्या हातात सुरुवातीच्या किमती ठेवायच्या, एवढंच त्याचं काम. त्याला बाहेरून जी माहिती द्यायची ती म्हणजे पॅरामीटर, आणि आपण लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत नेतो तो कंपायलर. मुलं माना डोलावत होती.

“बरं, बरं, बरं,” प्राध्यापक म्हणाले. “जावामध्ये डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर म्हणजे कोणता हो?”

“ज्याला पॅरामीटर नसतात तो.”

“मग बिनपॅरामीटरचा मी स्वतः लिहिला, तर?”

“तोही डिफॉल्टच, सर.”

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि गोड हसले. जागा दुसऱ्याच कुणाला गेली. नंतर व्हरांड्यात ते तिला म्हणाले, “अहो, जावात डिफॉल्ट म्हणजे फक्त कंपायलरने दिलेला. आपण एकही लिहिला नाही तरच तो देतो. बिनपॅरामीटरचा स्वतः लिहिला तर त्याला नो-आर्ग म्हणायचं. सगळी मुलं हेच चुकतात.” साधना त्या वेळी एकोणचाळीस वर्षांची होती. ‘मुलं’ हा शब्द तिला त्यानंतर बरेच दिवस टोचत राहिला.

वर्षभर तिने ती व्याख्या आरतीसारखी पाठ म्हटली. मिक्सर फिरताना, बसमध्ये, कपडे वाळत घालताना. आणि यंदा तीच जागा पुन्हा निघाली, कारण गेल्या वर्षी तिथे नेमलेले सर पुण्याला निघून गेले. नमुना तास ठरला दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी. प्राचार्या मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचं प्रत्येक वाक्य मध्येच कुठेतरी ‘आय मीन’ला अडखळायचं. “विधातेबाई, यू नो, दोनदा नाही झालं तर तिसऱ्यांदा, आय मीन, आपण कुणालाच बोलवत नाही. आणि विषय, आय मीन, गेल्या वेळचाच ठेवू. म्हणजे तुम्हालाही, आय मीन, सोपं.”

सोपं! व्याख्या तोंडपाठ होती, पण ती तोंडातच होती. हे तिला नवरात्राच्या सहाव्या माळेला कळलं, सृष्टीमुळे. सृष्टी दुसऱ्या वर्षाची, भांडखोर डोक्याची मुलगी. तिने प्रॅक्टिकलला हाक मारली.

“मॅम, हे बघा ना. स्टुडंट नावाचा क्लास केला. कन्स्ट्रक्टर लिहिलाच नव्हता, तरी ऑब्जेक्ट बनत होता. आता नाव आणि रोल नंबर घेणारा कन्स्ट्रक्टर लिहिला, तर ऑब्जेक्ट बनवणारी जुनी ओळ लाल झाली, एरर. मी तर काहीच काढलं नाही. उलट वाढवलंच ना?”

“हो, म्हणजे… तू एक लिहिलास की कंपायलर आपला देणं बंद करतो.”

“पण का? दोन्ही राहिले असते तर कुणाच्या घरचं काय जात होतं?”

साधना म्हणाली, “तसंच असतं ते.”

बारा वर्षांत हे वाक्य तिने कधी वापरलं नव्हतं. हे इतरांचं वाक्य होतं, तिच्याकडे शंका पाठवणाऱ्यांचं. सृष्टीने “ओके मॅम” म्हटलं आणि तोंड पुन्हा स्क्रीनकडे वळवलं. त्या ‘ओके’त जेवढं काही होतं, तेवढं घेऊन साधना घरी आली.

घर मखमलाबादला, मागे अर्धा एकर फुलं. सासू मालनबाई नाक्यावर हाराचं दुकान चालवायची. दुकान म्हणजे चार बांबू, एक ताडपत्री आणि मालनबाईची जीभ. नवरा महेश सातपूरला कंपनीत होता. फर्स्ट शिफ्टला जाताना मोटरसायकलला दोन पिशव्या अडकवून तो वाटेतल्या वर्कशॉपांत हार टाकत जायचा. एमआयडीसीतली अशी चाळीसेक छोटी वर्कशॉपं मालनबाईला बांधलेली होती. कुणाच्या मशिनला काय लागतं हे सगळं तिच्या डोक्यात. वही नव्हती, कारण वही हरवते, असं तिचं म्हणणं. साधना कॉलेजला निघाली की उरलेल्या फुलांचा बोटभर गजरा ती तिच्या हातात कोंबायची. कधी शेवंतीचा, कधी अबोलीचा. जे उरेल त्याचा. बारा वर्षं साधनाने तो बघताही न बघता केसांत खोचला होता.

खंडेनवमीला मशिनांची पूजा. त्या दिवशी मालनबाईच्या दुकानाला हात कमी पडायचे, म्हणून साधना उजाडताच सुई-दोरा घेऊन पाटीशेजारी बसली. झेंडूच्या वासाने डोकं भरून गेलं होतं. तेवढ्यात एक मोटरसायकल कचकन थांबली. खंडेराव. स्वतःच्या वर्कशॉपात वीस वर्षं लेथशेजारी उभं राहून हा माणूस साधं ‘नमस्कार’सुद्धा मशिन चालू असल्यासारखं ओरडून म्हणायचा.

“मालनमावशीऽ! माझे दोन दिसतायत. तिसरा कुठंय?”

“कंचा तिसरा?”

“नवीन मशिन आणलंय! महेशला बोललो होतो ना, एक अजून म्हणून!”

“एक अजून म्हंजे कसला?”

“कसला म्हणजे? हार! गोल असतो, फुलं असतात!”

“ते मला नको शिकवू. किती हाती? शेवंती का झेंडू? मधी गुलाब हाय का नाय?”

“अहो, द्या की कुठलाही!”

“कुठलाही माझ्याकडं नसतो.”

खंडेरावांनी हात लांब करून तिच्या मागे दाखवलं. बांबूला झेंडूचे वीसेक हार ओळीने लोंबत होते, सगळे एकसारखे, दोन हाती, दर वितीवर एक पांढरी शेवंती. “मग ही काय तोरणं टांगलीत?”

“ते रोजचे. ज्यांनी कधी काय सांगितलंच नाय, त्यांचे. त्यांना मी माझ्या मनानं देते. तू गेल्या साली सांगितलंस, तीन हाती पाह्यजे, शेवंतीच पाह्यजे, झेंडू चालत नाय. सांगितलंस का नाय?”

“सांगितलं.”

“मंग? आता तुला माझ्या मनाचा नाय.”

साधनाला राहवेना. ती हळूच म्हणाली, “आई, द्या ना एक रोजचा. पूजा खोळंबलीय त्यांची. काय बिघडतं?”

“बिघडलं व्हतं एकदा,” मालनबाई सुईतून मान वर न करता म्हणाली. “त्या प्रेसवाल्या बाप्याला लांब हार लागायचा. म्हसोबाएवढं मशिन त्याचं. एक दिस सांगायचा राह्यला. मी म्हनलं, जाऊ दे, रोजचा पाठवू. तो आखूड पडला. मशिनला मधीच लोंबला, फिरत्या चाकात गेला, दोरा गुंडाळून सगळं बंद! मला म्हनतो, तुम्हाला ठाऊक होतं ना मला कसला लागतो? तवापासनं नेम केला. ज्याला आपल्या गरजा ठाव हायेत, त्याच्यावर आपलं मन चालवायचं नाय. त्यानं तोंड उघडावं, नायतर हार नाय. गपचूप चुकीचा देण्यापरीस आत्ता इथं भांडलेलं बरं.”

साधनाची सुई झेंडूत अर्धी शिरून तिथेच थांबली.

“बरं बाई!” खंडेराव ओरडले. “रोजच्यासारखाच द्या मला एक! हे सांगितलं. झालं?”

“आता कसं.” मालनबाईने टांगलेल्यांतला एकही काढला नाही. पुढ्यातला दोरा घेतला, दोन हाती मापला, झेंडू, झेंडू, झेंडू, वीत झाली की शेवंती, असा नवा ओवला. बांबूवरच्यांशेजारी धरला असता तर देवालाही वेगळा ओळखू आला नसता.

“आई, टांगलेलाच का नाही दिलात?”

“तो माझ्या मनाचा. ह्यो त्याच्या सांगन्याचा.”

“पण दिसायला एकच आहेत की.”

“दिसायला!” मालनबाई हसली. “उद्या त्याला ह्यात गुलाब घालावासा वाटला, तर ह्यात घालता येईल. माझ्यात कोन घालू देतंय त्याला?”

खंडेराव हार घेऊन फटफटत गेले. साधना मात्र तशीच बसून होती. सृष्टीने काही काढलं नव्हतं, खरंच. तिने फक्त तोंड उघडलं होतं: माझ्या विद्यार्थ्याला नाव लागतं, रोल नंबर लागतो. त्यानंतर कंपायलरने गुपचूप बिननावाचा विद्यार्थी उभा करून दिला असता, तर तो कुठेतरी पुढे जाऊन चाकात अडकला असता. म्हणून कंपायलर आधीच लाल होऊन भांडतो. आणि सृष्टीला बिनपॅरामीटरचाही हवाच असेल तर तिने तसं स्वतः लिहावं. दिसेल अगदी कंपायलरच्यासारखा, पण तो तिचा. कंपायलरचा नव्हे.

“अगं ओव की! का झोप लागली?”

“ओवते, आई.”

दसऱ्याच्या सुट्टीत तिने घरच्या कॉम्प्युटरवर लॅब मॅन्युअल उघडलं. ‘डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर: ज्यास पॅरामीटर नसतात असा.’ बारीक, ठाम, खैरनार सरांची भाषा. मग तिने सरांचं जुनं मॅन्युअल शोधलं, सी प्लस प्लसचं, अभ्यासक्रम बदलण्याच्या आधीचं. शब्द न् शब्द तेच वाक्य. तिने सी प्लस प्लसची दोन-चार पुस्तकं पडताळली, आणि कान गरम झाले. तिथे ते बरोबर होतं. सी प्लस प्लसमध्ये काहीही न देता चालवता येतो तो डिफॉल्ट, मग तो कुणीही लिहिलेला असो. म्हणजे सर चुकले नव्हते.

मग चुकलं कोण? तिला सगळं स्वच्छ आठवलं. पाच वर्षांपूर्वीचा जून, सरांचा पतंगासारखा स्वर: “ताईऽ, सिलॅबस बदललाय. सी प्लस प्लसचं जावा करून टाका, फक्त नाव बदला.” आणि तिने बदललं होतं. फाइंड अँड रिप्लेस, एका दणक्यात एक्केचाळीस ठिकाणी. पहिल्याच पानावर ‘जावा ही सी भाषेची सुधारित आवृत्ती’ असं झालं, मुलं पोट धरून हसली, ते तिने दुरुस्त केलं. जावात नसलेल्या डिस्ट्रक्टरचं पान एका मुलाने दाखवलं, तेही काढलं. कन्स्ट्रक्टरच्या पानावर कुणी हसलं नाही, म्हणून ते राहिलं. पाच बॅचेस ते वाचून गेल्या. आणि त्याच पानावरून गेल्या वर्षी नापास झाली ती स्वतः.

हे ऐकून महेश म्हणाला, “मग सांगू नकोस ना. बरोबर उत्तर दे आणि गप्प बस. मॅन्युअल नंतर बदल.”

तिलाही तेच बरं वाटलं. खैरनार सर परीक्षक. मॅन्युअलवर नाव त्यांचं. त्यांच्यासमोर, प्राचार्यांसमोर, बाहेरच्या माणसासमोर ते पान काढायचं म्हणजे एका दगडात स्वतःचाच पाय दोनदा ठेचायचा. तिने गप्प बसायचं ठरवलं.

दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी वर्गात वीस मुलं बसली होती, पहिल्या बाकावर सृष्टी, आणि परीक्षक गेल्या वर्षीचेच तिघं. साधनाने पिशवीतून दोन हार काढून टेबलावर ठेवले. प्राचार्या मॅडम म्हणाल्या, “हे, आय मीन, आमच्यासाठी?”

“नाही मॅडम, फळ्यासाठी.”

मुलं हसली. तिने मालनबाईचं दुकान उभं केलं. काहीच न सांगणारं गिऱ्हाईक, त्याला दुकानदाराच्या मनाचा हार. सांगणारं गिऱ्हाईक, त्याला सांगितलेला. आणि एकदा सांगितल्यावर “कुठलाही द्या” म्हणणारे खंडेराव. त्यांचा आवाज तिने काढला तेव्हा मागच्या बाकावरचा झोपलेला मुलगा दचकून उठला. सृष्टीचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

“म्हणजे मॅम, मी सांगायला लागले म्हणून त्याने स्वतःच्या मनाचं देणं बंद केलं?”

“हो. तो गपचूप चुकीचं देण्यापेक्षा आत्ता भांडतो.”

“आणि हे दोन हार?”

“हा दुकानाच्या मनाचा, हा खंडेरावांच्या सांगण्याचा. दोन्हींत बाहेरून काही घातलेलं नाही, दिसायला सारखे. पण जावा दुकानाच्या मनाच्यालाच डिफॉल्ट म्हणते. दुसरा नो-आर्ग.”

“बरं, बरं, बरं,” प्राध्यापक म्हणाले. तिसरा ‘बरं’ या वेळी नुसता ‘बरं’ होता.

इथे तास संपायचा. पण सृष्टीने बॅगेतून मॅन्युअल काढलं, पान उघडलं आणि भाबडेपणाने विचारलं, “मॅम, मग इथे वेगळं कसं लिहिलंय? परीक्षेत कुठलं लिहायचं?”

 खैरनार सरांनी चष्म्याच्या वरून बघितलं. ‘छपाईची चूक’ म्हटलं असतं तर चाललं असतं. ‘बघू नंतर’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. साधनाच्या जिभेवर ‘तसंच असतं ते’ येऊन उभं राहिलं. तिने समोर पाहिलं. सृष्टी वाट बघत होती.

“ते पान माझ्यामुळे चुकलंय,” ती म्हणाली. “सरांनी ते सी प्लस प्लससाठी लिहिलं होतं. तिथे हे दोन्ही हार डिफॉल्टच म्हणवतात, त्यामुळे सरांचं तिथे बरोबर आहे. त्याचं जावा मी केलं, नुसतं नाव बदलून. दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाचा हार मी पाच वर्षं तुम्हाला वाटत होते. परीक्षेत आज सांगितलेलं लिहा. आणि गेल्या वर्षी याच खोलीत मीही ते चुकीचंच सांगितलं होतं.”

 प्राध्यापकांनी लिहिलं. प्राचार्या मॅडमनी लिहिलं. खैरनार सरांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

साधना लॅबमध्ये जाऊन माउस मोजत बसली. बाविसावा मोजताना दारात सर उभे होते. सर मूळचे सटाण्याकडचे, आईचा फोन आला की व्हरांड्याच्या टोकाला जाऊन अहिराणीत “हां, बोल, काय शे?” म्हणायचे, आणि कॉलेजात चुकूनही तसं बोलायचे नाहीत.

“फक्त नाव बदला, असं मीच म्हणालो होतो ना?”

“हो, सर.”

त्यांनी बंद पडलेल्या पंख्याचं बटण दोनदा खालीवर केलं. “बरोबर शे तुमचं,” म्हणाले आणि निघाले. ‘ओके’ नाही, ‘क्लिअर’ नाही, ‘नेक्स्ट’ तर नाहीच.

आठवड्याने वेळापत्रक लागलं. जावा, दुसरं वर्ष, बी बॅच, आठवड्याला चार तास, आणि पुढे दोन अक्षरं: सा. वि. खाली पेनने एक ओळ वाढवलेली होती, ‘मॅन्युअल नव्याने: विधाते मॅडम’. ‘मॅडम’ हा शब्द खैरनार सरांच्या अक्षरात जरा बुजल्यासारखा दिसत होता.

पहिल्या तासाच्या सकाळी ती नाक्यावर थांबली. मालनबाईने सवयीने उरलेली अबोली चिमटीत धरली.

“आई, आज मी सांगू का?”

“काय सांगायचंय?”

“पांढरी शेवंती. आणि मध्ये एक गुलाब, लाल.”

मालनबाईने तिच्याकडे नीट बघितलं, अबोली परत पाटीत टाकली आणि दोरा तोडला. “सांग की. पर ध्यानात ठेव, आता उद्यापासनं माझ्या मनाचा नाय मिळायचा. रोज तोंड उघडावं लागंल.”

“उघडेन,” साधना म्हणाली, आणि गुलाब कुठे घालायचा ते बोटाने दाखवलं.